सतरा नंबरचा ताप

कामावर तिला सगळे कोरीबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याने चिडून ठेवलं होतं, पण ते चिकटलं, आणि पुढे पुढे तीही फोन उचलून "हां, कोरीबाई बोलतेय" असं म्हणायला लागली. झालं होतं असं की एका नव्या इंजिनिअरने दुपारी बाराची नोंद चुकवली आणि चहा पिता पिता अकरा आणि एकच्या मधला एक आकडा बाराच्या रकान्यात टाकून दिला. आकडा अगदी खरा वाटण्यासारखा होता. हिने तो ओळखला, दिवसभराची मोजणी रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी सगळी पहिल्यापासून करायला लावली. "नोंद चुकली तर रकाना कोरा ठेवायचा," तिने त्याला सुनावलं. "कोऱ्या रकान्याने कुणी मरत नाही." तिथून ती कोरीबाई झाली.

तिचं काम होतं विहिरींचा ताप बघायचं. विहिरी म्हणजे पाण्याच्या नव्हेत, तेलाच्या. गावाच्या बाहेर तशा त्रेसष्ट होत्या. एकेक म्हणजे ताटाएवढ्या तोंडाचं, दोन किलोमीटर खोल भोक, आत पोलादी नळ बसवलेला. तेल आटलं तसं जुन्या कंपनीने एकेकीत सिमेंट ओतलं, वर लोखंडी झाकण ठोकलं आणि गाव सोडलं. तीस वर्षं त्या गंजत पडल्या. मग नवी माणसं आली आणि म्हणाली, तेल नाही तर नाही, खाली उष्णता तर आहे. सिमेंटचं बूच फोडायचं, गार पाणी आत सोडायचं, तापलेल्या खडकाजवळून फिरून ते गरम होऊन वर आलं की नळांनी गावभर खेळवायचं. घरं, शाळा, दवाखाना, सगळं त्यावर ऊबदार राहणार होतं.

पण आधी खाली खरंच किती गरम आहे ते कळायला हवं. त्यासाठी हातभर लांबीची एक पोलादी कांडी होती, तिच्या पोटात तापमापक. तारेला बांधून ती चरखीवरून खाली सोडायची, तळाशी पोचली की सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिथेच ठेवायची आणि दर तासाला आकडा लिहायचा. वहीत तीन रकाने असत: वेळ, आकडा, कोणी मोजलं. काम सोपं होतं, कंटाळवाणं होतं आणि तिला मनापासून आवडायचं.

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा एके काळी याच विहिरींवर पाईपमास्तर होते. विहिरीतून निघणारा आणि विहिरीत उतरणारा प्रत्येक पाईप मोजायचा, त्यावर खडूने नंबर घालायचा, वहीत लिहायचा. एक पाईप मोजणीत चुकला की खाली नऊ मीटरचा घोळ आणि सिमेंट भलत्याच जागी. म्हणून मोजणी अर्धवट टाकून उठायचं नाही, उठलात तर पुन्हा एकपासून सुरुवात, असा त्यांच्यातला रिवाज होता. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. जिना चढताना ते पायऱ्या मोजत, वाटाणे सोलताना दाणे मोजत. "जेवताना घास मोजत नाही एवढं नशीब," ती म्हणायची. त्यावर ते म्हणायचे, "मोजतो. सांगत नाही."

मावशी, म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण, तीस वर्षांत त्यांच्या घरी पाणी प्यायलाही आली नव्हती. "बायको तापाने फणफणलेली आणि हा तिकडे पाईप मोजत बसला," हे तिचं वाक्य सगळ्या नातेवाइकांत फिरलं होतं. ते खोटंही नव्हतं. त्या दिवशी बाबा सतरा नंबरच्या विहिरीवर होते, आणि घर तेव्हा तिथून तीस किलोमीटरवरच्या गावात होतं. विहीर बंद करण्याआधी बाहेर काढलेले पाईप मोजत होते. ते घरी पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आई आदल्या संध्याकाळी साडेसातला गेली होती. बाबांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. कोरीबाईनेही कधी त्यांची बाजू घेतली नाही. तिला घेता आली असती.

सतरा नंबरचं काम निघालंय असं तिने जेवताना सांगितलं, तेव्हा बाबांचा हात ताटात थांबला. "दोनशे बारा पाईप," ते म्हणाले, आणि पुढे जेवायला लागले.

सतरा नंबर गावाला सगळ्यांत जवळची. तिच्या कुंपणाला लागून दवाखान्याची मागची भिंत, आणि भिंतीपलीकडे लहान मुलांची खोली, जी हिवाळ्यात दोन विजेच्या शेगड्यांवर कशीबशी तगायची. ही विहीर पास झाली की पहिली ऊब दवाखान्याला आणि मागच्या दोन गल्ल्यांना मिळणार होती. त्यातल्या दुसऱ्या गल्लीत आता तिचं घर होतं. त्यामुळे साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचा जीव या विहिरीत गुंतला होता.

मंगळवारी सकाळी तिने कांडी सोडली. चरखीवर नेहमीचा दादा होता, तारेचा ताण बोटाने ओळखणारा, कमी बोलणारा माणूस. पत्र्याच्या केबिनमध्ये ती पडद्यासमोर बसली. पाचशे मीटरला ३३. हजारला ४८. दीड हजारला ६३. पाढा म्हटल्यासारखे आकडे वाढत होते. एकोणीसशेला ७५ आले. म्हणजे तळाशी, दोन हजारला, ७८ येणार. नऊला दोन मिनिटं कमी असताना तिने वहीत पेन टेकवून ठेवलं.

नऊला आकडा आला ३८.६.

तिने पडदा पुसला. माणसाच्या काखेत यावा असा आकडा दोन किलोमीटर खाली येतो म्हणजे कांडीचं काहीतरी बिनसलं. तिने दादाला दहा मीटर वर घ्यायला सांगितलं. ७७.७. पुन्हा खाली सोडायला सांगितलं. घड्याळात दहा वाजले होते. ३८.९.

असं तीनदा करून पाहिलं. बाकी विहीर शहाण्यासारखी वागत होती, फक्त शेवटच्या एका पाईपाएवढी जागा तशी नव्हती. अकराला ३९.३ आले, बाराला ३९.५. ती प्रत्येक आकडा लिहीत गेली, कारण आकडा पटो न पटो, लिहायचा असतो.

संध्याकाळी कांडी वर आली तेव्हा दादाने सवयीने जाड हातमोज्यात धरली. मग एक मोजा काढला आणि उघड्या हाताने धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"बाई, जरा हात लावून बघा," तो म्हणाला.

दोन किलोमीटर तार गुंडाळून वर येईतो पोलाद थंडगार पडायला हवं होतं. कांडी कोमट होती. थोडी ओलसर होती. तिने हात पटकन काढून घेतला. दादा म्हणाला की अंगाला हात लावल्यासारखं वाटतंय, आणि मग म्हणाला की आपण काही म्हटलं नाही असं समजा.

तिने कांडी उकळत्या पाण्याच्या बादलीत बुडवून तपासली. बरोबर शंभर. कांडी निर्दोष होती. साहेबांना तिने फोन केला. साहेब म्हणाले, बाजूने कुठूनतरी गार पाणी शिरत असेल. ती म्हणाली, गार पाणी शिरलं तर आकडा एका जागी बसेल, हा तर चढतोय. साहेबांनी उद्या दुसरी कांडी लावायला सांगितलं.

बुधवारी दुसरी कांडी. नऊला ३८.६. दहाला ३८.९. अकराला ३९.३.

साडेअकराच्या सुमाराला तिने चहा घेतला तो तसाच निवला. काल आणि आज तेच आकडे त्याच वेळेला आले, हे विचित्र खरं, पण तिला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होत होता. आकडे ओळखीचे वाटत होते. शाळेतला आपला हजेरीनंबर एखाद्याने अचानक म्हणून दाखवावा, तसे. बाराला ३९.५ आले आणि तिच्या मनात आपोआप पुढचा आकडा उमटला: ३९.८. काल तो आलाच होता, तेव्हा आठवण कालचीच असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण तो आकडा तिला दिसला तो कालच्या छापील वहीत नव्हे. निळ्या शाईत, शाळेच्या वहीत, स्वतःच्या बारा वर्षांच्या अक्षरात दिसला.

एकला ३९.८ आले.

मग ती पेन खाली ठेवून बसली, आणि इतकी वर्षं जिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं तिकडे तिने बघितलं.

डॉक्टर सांगून गेले होते, दर तासाला ताप बघून लिहायचा, चाळीसच्या वर गेला तर लगेच कळवायचं. बाबा कामावर, भावंड नाही, म्हणून सकाळपासून तीच आईजवळ. बाबांच्या वहीत असत तसे तिने तीन रकाने आखले होते. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला ऐटीत "मी" लिहिलं होतं. नऊ, दहा, अकरा, बारा, एक. आई मधूनमधून डोळे उघडून विचारायची, "आले का?" आणि ही सांगायची, येतील. एकनंतर तिचा डोळा लागला. जाग आली ती शेजारच्या काकूंनी दार लोटलं तेव्हा, चार वाजून दहा मिनिटांनी. काकू कंपनीच्या ऑफिसात निघाल्या होत्या. तिथे फोन होता, आणि विहिरीवरून साडेचारला त्यांच्या गावाकडे दिवसाची शेवटची गाडी सुटायची. बाबांना काय निरोप द्यायचा, ताप किती आहे, असं काकूंनी दारातूनच विचारलं.

वहीत तीन रकाने कोरे होते. दोन, तीन आणि चार. काकू ओरडतील, डॉक्टर ओरडतील, एवढंच तिच्या मनात आलं. तिने पाठ वळवली आणि भराभर लिहिलं: ३९.२, ३८.४, ३७.६. समोर तीनदा "मी". आणि वही काकूंपुढे धरली. काकूंनी शेवटचा आकडा वाचला, सुटकेचा श्वास सोडला आणि गेल्या. आईच्या कपाळाला हात लावावा असं त्यांना वाटलंही नाही, वहीत लिहिलेलं होतं ना.

निरोप गेला: ताप उतरला, घाई करू नका.

पाचला तिने खरोखर मोजला तेव्हा ४०.४ होता. तोवर साडेचारची गाडी गेली होती. डॉक्टर दुसऱ्या वस्तीवर होते, त्यांना आणेपर्यंत सात वाजले.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. कोऱ्या रकान्याने कुणी मरत नाही, हे तिला इतकं ठाम माहीत होतं ते कशावरून, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आणि आता तिच्या लक्षात आलं की मंगळवारी, घाईगडबडीत, कांडी खालीवर करण्याच्या नादात, दोन ते चारचे आकडे तिने नीट पाहिलेच नव्हते. नुसते उतरवले होते. ते वहीत होते, मागच्या पानावर. तिला पान उलटण्याचा धीर होईना. आधी समोरचा पडदा बघू, असं तिने ठरवलं.

दोन वाजले. शाळेच्या वहीतल्यासारखं ३९.२ येईल अशी तिची खात्री होती.

आकडा आला ४०.१.

तीनला ४०.३.

चारला ४०.२.

बाहेर दादा चरखीला तेल देत होता. भिंतीपलीकडे दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडत होतं. तिला एकच कळत होतं: दोन वाजता ती जागी असती, तर दोन वाजताच काकूंकडे धावली असती.

साडेचारला साहेब स्वतः आले. त्यांनी आकडे पाहिले, टोपी काढून डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. शनिवारी अहवाल द्यायचा होता, आणि असा अहवाल गेला तर विहिरीत पुन्हा सिमेंट जाणार, हे त्यांना दिसत होतं. वरचं सगळं बरोबर आहे, खाली ७८ असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, तर तेवढे ७८ लिहून टाकू, असं ते हळूच म्हणाले. "कुणाचं नुकसान आहे त्यात? उलट त्या पोरांना ऊब मिळेल."

"मी एकदा लिहिलंय तसं," ती म्हणाली.

साहेबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. उद्याचा एक दिवस बघू म्हणाले. सहाचा आकडा, ४०.७, तिने लिहिला आणि घरी गेली.

ती जुनी वही कुठे असेल हे तिला माहीत नव्हतं. कपाटात नव्हती. बाबा खिडकीशी वाटाणे सोलत होते. तुमच्या जुन्या मोजणीच्या वह्या कुठे आहेत, असं तिने विचारलं, आणि त्यांनी मान न वळवता पलंगाखालच्या पेटीकडे बोट केलं. पेटीत सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. एक नंबरपासून त्रेसष्टपर्यंत. सोळा आणि सतराच्या मध्ये शाळेची पातळ वही होती.

तिने पान उघडलं. निळी शाई जरा फिकटली होती. ३८.६, ३८.९, ३९.३, ३९.५, ३९.८. सगळं तसंच होतं. आणि पुढच्या तीन आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने तीन लहान गोल काढलेले होते.

तो गोल तिने बाबांच्या वह्यांत शेकडो वेळा पाहिला होता. पाईपमास्तर शंका असलेल्या आकड्यापुढे तसा गोल काढतो. अर्थ एवढाच: हे मोजलेलं नाही.

ती वही घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि त्यांच्यासमोर बसली.

"हे गोल तुम्ही काढलेत?"

"हो."

"कधी?"

"त्याच आठवड्यात." बाबांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "तीन ओळी, आणि ओळीओळीत फरक आठाचाच. खरं मोजलेलं असं शिस्तीत उतरत नाही गं. मी जन्मभर आकडे पाहिलेत."

तिला रडायला येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. तीस वर्षं मावशीचं बोलणं यांनी ऐकून घेतलं. ही समोर बसलेली असताना ऐकून घेतलं. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. मग का बोलला नाहीत, असं तिने कसंबसं विचारलं.

"बारा वर्षांची होतीस. सकाळपासून एकटी होतीस. डोळा लागला असणार." त्यांनी दाण्यांची वाटी बाजूला सरकवली. "तुझ्या पाठीवर ते ओझं दिलं असतं तर तू वाढली असतीस का? माझी पाठ मोठी होती. मला पेललं."

मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि माझंही काही धुतल्या तांदळासारखं नाही. निरोप आला तेव्हा माझे एकशे चाळीस मोजून झाले होते. पिशवी भरून तयार होती. गाडीत बसलो तर मोजणी पुन्हा एकपासून. ताप उतरला म्हणाले आणि मला बरं वाटलं. मी विचारलंच नाही, कुणी मोजला, कधी मोजला. दुसऱ्या कुणाची मोजणी मी कधी डोळे मिटून घेतली नव्हती. तेवढीच एक घेतली."

मग तिने त्यांना विहिरीचं सांगितलं. पहिल्यापासून, कांडी, तळ, आकडे, सगळं. ते हसतील किंवा घाबरतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. शेवटचा पाईप का, एवढंच विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावर मान हलवली.

"दोन, तीन, चारला काय आलं?"

"४०.१, ४०.३, ४०.२."

बाबांनी खिशातली पेन्सिल काढली. तिचे तीन आकडे एकेका रेघेने खोडले आणि वर खरे आकडे लिहिले, सावकाश, कोरीव अक्षरात. मग समोरचे तीन "मी"ही खोडले.

"तिथे काय लिहायचं?" तिने विचारलं.

"कोणी मोजलं ते आपल्याला कुठे माहीत आहे? कोरं ठेव."

त्या रात्री जेवताना बाबा पहिल्यांदाच आईविषयी बोलले. ती किती खळखळून हसायची आणि मोजायच्या खोडीवरून त्यांना किती छळायची, त्याविषयी.

गुरुवारी नऊला तळाशी ७८.१ आले. दहाला ७८.१. संध्याकाळपर्यंत तेच. शुक्रवारीही तेच. कांडी वर आली ती थंड होती, आणि दादाने ती पुसून डबीत ठेवली. अहवालात कोरीबाईने पहिल्या दोन दिवसांचे आकडे आहेत तसे ठेवले आणि कारणाच्या जागी "माहीत नाही" असं लिहिलं. साहेबांनी सुस्कारा सोडून सही केली. अहवाल पास झाला. वरच्या लोकांना शेवटचे दोन दिवस पुरे होते.

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात गरम पाणी गावात खेळायला लागलं. दवाखान्यातल्या दोन्ही शेगड्या अडगळीत गेल्या. त्यांच्या घरी बाबांच्या पलंगाशेजारून पितळी रंगाचा नळ गेला होता. बाबा त्यावर हात ठेवून बसत. फार गरम आहे का, असं तिने विचारलं की म्हणत, नाही, बरोबर आहे. मावशीच्या घरी तिने एक दिवस स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मावशीने दार लावून घेतलं. पण पंधरा दिवसांनी ती आली, बाबांच्या समोर बसली, आणि पाणी मागून प्यायली.

विहिरीच्या तळाशी आता कायमची एक कांडी बसवलेली होती. तिचा आकडा पंपघरात सतत दिसायचा आणि दादा तो दर तासाला वहीत उतरवायचा. रोज, न चुकता, ७८.१.

हिवाळा सरता सरता बाबांना ताप आला. फार नव्हता, पण वय झालेलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं, दर तासाला बघा आणि लिहा. तिने सुट्टी घेतली, नवी वही काढली, तीन रकाने आखले. नऊपासून एकपर्यंत पाच ओळी झाल्या. एकला ३९.१ होता. तिने थर्मामीटर पुसून डबीत ठेवला, डबी खिडकीत ठेवली. आधीच्या दोन रात्री जागून काढलेल्या. नळाची ऊब पायांना लागत होती.

फोन वाजला तेव्हा ती खुर्चीत मान टाकून झोपलेली होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोनवर दादा होता. "बाई, सतराचं परत तसं झालं. दोनपासून. तीन ओळी झाल्या. आत्ताच पुन्हा ७८ वर गेला बघा, तुम्ही फोन उचलला तेव्हा." तो घुटमळला. "काय लिहू? मधे ७८च टाकू का?"

"थांबा," ती म्हणाली.

वहीत तीन रकाने कोरे होते. ती डबीकडे धावली. डबी खिडकीतच होती, उघडी आणि रिकामी. तिने टेबलावर पाहिलं, उशीखाली पाहिलं. बाबा शांत झोपले होते, घाम येऊन गेलेला, चादर गळ्यापर्यंत नीट ओढलेली. ती तिने ओढली नव्हती.

थर्मामीटर त्यांच्या काखेत होता.

तिने तो अलगद काढून उजेडाकडे धरला. ३८.२.

"दादा, आकडे सांगा."

"दोनला ३८.८. तीनला ३८.६." कागद उलटल्याचा आवाज आला. "चारला ३८.२."

"आहे तेच लिहा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

बाबांनी डोळे किलकिले केले. किती, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. उतरतोय, ते म्हणाले, आणि परत डोळे मिटता मिटता पुटपुटले, "तू झोप अजून थोडी. मघाशी झोपलीस तेव्हा काही अडलं नाही."

ती झोपली नाही. तिने वही मांडीवर घेतली आणि तिन्ही आकडे त्यांच्या त्यांच्या ओळीत लिहिले. तिसऱ्या रकान्यात एकपर्यंत सगळीकडे "मी" होतं. दोन, तीन आणि चारच्या समोर तिने बराच वेळ पेन नुसतं टेकवून ठेवलं. मग तिन्ही ठिकाणी "आई" असं लिहिलं, आणि पाच वाजायची वाट बघत बसली.